वाचकांचे प्रश्न : सायकल चालवली, पण घड्याळाने ती मोजली नाही

प्रश्न : माझे वय ५४ असून मी जुळे सोलापूर भागात राहतो. दिवाळीत मुलाने मला स्मार्टवॉच भेट दिले. मी पहाटे निघून सात रस्त्यावरून शहर ओलांडतो, तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावापर्यंत सायकलने जातो आणि त्याच रस्त्याने परत येतो. घाम येतो, दम लागतो; तरीही घड्याळाच्या ॲपमध्ये व्यायाम म्हणून जेमतेम सात-आठ मिनिटे जमा झालेली दिसतात. पत्नी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने अर्धा तास फिरून येते आणि तिच्या घड्याळात अर्धा तास पुरता जमा होतो. मला रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. माझे घड्याळ बिघडले आहे, की सायकल चालवणे हा पुरेसा व्यायामच नाही? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आपले घड्याळ बिघडलेले नसावे, आणि आपले सायकल चालवणे तर निश्चितच पुरेसा व्यायाम आहे. वेगवेगळ्या हालचालींना शरीराची किती शक्ती खर्च होते, याचे कोष्टक शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक वापरतात. त्यात स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च १ धरला, तर ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास झपझप चालण्याचा खर्च ४.३ येतो, ताशी १६ किलोमीटरच्या आत रमतगमत सायकल चालवण्याचा ४ येतो आणि ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने चालवण्याचा ६.८ येतो. ३ ते ६ यांमधला व्यायाम मध्यम आणि ६ च्या पुढचा जोरकस मानला जातो. याचा अर्थ आपण अगदी सावकाश गेलात तरी पत्नींच्या फेरफटक्याच्या बरोबरीचे श्रम करता, आणि थोडा वेग धरलात तर त्यांच्या पुढे जाता.

मग घड्याळाला हे का दिसत नाही? घड्याळ श्रम मोजत नाही. ते दोन खुणांवरून श्रमांचा अंदाज बांधते, आणि सायकलवर नेमक्या या दोन्ही खुणा पुसट होतात. पहिली खूण हाताच्या हालचालीची. चालताना हात पुढे-मागे झुलतात, हे झुलणे घड्याळातला ॲक्सिलरोमीटर टिपतो आणि त्यावरून पावले व चालण्याचा जोर ठरवतो. सायकलवर सगळे काम मांड्या आणि पोटऱ्या करतात. हात मात्र हँडलवर स्थिर असतात. मनगटावर बसलेल्या यंत्राच्या दृष्टीने आपण जवळजवळ खुर्चीत बसलेले असता.

दुसरी खूण हृदयाच्या ठोक्यांची. अंधारात घड्याळ उलटे करून पाहिलेत तर तळाशी हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो आणि या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. आता हँडल धरलेला आपला हात पाहा. मनगट मागे वाकलेले असते, मूठ आवळलेली असते, शरीराचा काही भार तळव्यांवर आलेला असतो. त्यामुळे मनगटापाशी रक्ताचा प्रवाह दबतो आणि घड्याळाचा तळ त्वचेपासून किंचित उचलला जातो. त्यात खड्ड्यांचे आणि गतिरोधकांचे हादरे बसतात, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि मूळचा बारीक चढउतार त्या गोंधळात हरवतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गार वाऱ्याने त्वचेतला रक्तप्रवाहच कमी होतो, तेव्हा अडचण आणखी वाढते. अशा वेळी घड्याळ एकतर खरे ठोके सोडून कमी आकडा दाखवते किंवा ते मिनिट गाळूनच टाकते.

याखेरीज, व्यायामाची नोंद हाताने सुरू केली नसेल, तर बरीच घड्याळे वीज वाचवण्यासाठी ठोके सतत न पाहता काही मिनिटांच्या अंतराने पाहतात. आपली सात-आठ मिनिटे अशाच तुरळक नोंदींतून जमा झाली असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे : निघण्यापूर्वी घड्याळात ‘आउटडोअर सायकलिंग’ हा प्रकार स्वतः निवडून नोंद सुरू करावी आणि घरी आल्यावर ती बंद करावी. असे केल्याने ठोके सतत मोजले जातात, जीपीएसवरून वेग मिळतो आणि गणितही चालण्याचे न राहता सायकलचे लावले जाते. स्वस्त घड्याळांत जीपीएस नसते, ती मोबाइलचे जीपीएस वापरतात. तेव्हा मोबाइल खिशात असावा, ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली असावी आणि मोबाइलच्या बॅटरी बचतीतून त्या ॲपला वगळलेले असावे. ही शेवटची गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि अर्ध्या रस्त्यात नोंद तुटते.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन-तीन बोटे वर, कोपराच्या बाजूला सरकवून, हलणार नाही पण रुतणारही नाही इतपत घट्ट बांधावे. मनगट वाकले तरी तिथला भाग फारसा हलत नाही.

आता एक गोष्ट तपासाच : ॲपमध्ये आपली जन्मतारीख बरोबर आहे का? घड्याळ २२० मधून वय वजा करून हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा धरते. आपल्या बाबतीत ती १६६ येते. काही कंपन्या या कमाल आकड्यातून विश्रांतीच्या वेळचे ठोके वजा करतात, उरलेल्या फरकाचे ४० टक्के विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवतात आणि तिथून पुढचे मिनिट व्यायामात जमा करतात. विश्रांतीचे ठोके ६२ असतील तर आपली रेषा साधारण १०४ वर पडते. भेट देताना घाईत घड्याळ सुरू करून दिले आणि त्यात वय चुकून २६ राहिले असेल, तर हीच रेषा ११५ वर जाते आणि मधल्या दहा-अकरा ठोक्यांत चालवलेली सगळी सायकल हिशेबाबाहेर राहते.

आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र गोळीची आहे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधे हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात. श्रम तेवढेच असले तरी ठोके नव्वदीच्या घरातच राहू शकतात आणि घड्याळाची १०४ ची रेषा ओलांडलीच जात नाही. औषध आपले काम चोख करत आहे, एवढाच त्याचा अर्थ. मिनिटे जमा व्हावीत म्हणून गोळी टाळणे किंवा तिची वेळ स्वतःच्या मनाने बदलणे धोक्याचे आहे. ते कदापि करू नये. आपल्यासाठी २२० वजा वय हे गणित लागूच पडत नाही, म्हणून श्रम बोलण्यावरून ओळखावेत : सायकल चालवताना सलग वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा व्यायाम मध्यम आहे, चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागते, तेव्हा तो जोरकस आहे. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर सायकलवरून उतरावे आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. ठोक्यांची मर्यादा आपल्यासाठी किती असावी, हेही गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे आणि रोज सायकलने जाते-येते. माझ्या घड्याळात सकाळी भाकरी थापताना पावले वाढतात, पण सायकलवरचा एकही मिनिट आपोआप धरला जात नाही. मैत्रीण म्हणते, इतक्या थोड्या वेळाचा उपयोगही होत नाही. हे खरे आहे का? (एक वाचक भगिनी, अशोक चौक परिसर)

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे आता जुने झाले आहे. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरू नये, असा संकेत पूर्वी होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट काढून टाकली. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा असे त्या सूचना सांगतात, आणि त्यात कामावर सायकलने जाणे स्पष्टपणे मोडते. जाता-येता रोज अर्धा तास सायकल होत असेल, तर पाच दिवसांत आपली १५० मिनिटे भरतात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि घर, कारखाना दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीसाठी याहून सोयीचा व्यायाम मला तरी माहीत नाही.

घड्याळाची आपोआप ओळखण्याची सोय मात्र अजून जुन्याच वळणाची आहे. फिटबिटमध्ये एखादा व्यायाम आपोआप नोंदला जाण्यासाठी मुळात सलग १५ मिनिटे लागतात. ॲपमध्ये जाऊन ही मुदत १० मिनिटांपर्यंत खाली आणता येते. ॲपल वॉचमध्ये सायकल आपोआप ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली, तीही काही मिनिटे गेल्यावर विचारणा करते. सिग्नलला, फाटकापाशी, गर्दीत थांबत जाणाऱ्या माणसाची सलगता तुटत राहते, आणि भाकरी थापताना होणारी लयबद्ध हालचाल मात्र यंत्राला चालण्यासारखी वाटते. म्हणून मुदत कमी करून पाहावी. तरी जमले नाही तर निघताना हाताने नोंद सुरू करावी. मनगटावर गोंदण असेल तर त्याची शाई हिरवा प्रकाश अडवू शकते. अशा वेळी घड्याळ दुसऱ्या हातात बांधून पाहावे.

एप्रिल-मे महिन्यांत नेमका उलटा अनुभव येईल. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जादा काम करावे लागते, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने ठोके वाढतात आणि घड्याळ उदार होऊन जास्त मिनिटे देते. ही मिनिटे उन्हाची आहेत, हे ध्यानात ठेवून त्या दिवसांत वेग कमी करावा आणि पाण्याची बाटली जवळ बाळगावी.

प्रश्न : आमच्या कार्यालयात महिनाभराची पावलांची स्पर्धा आहे. मी फक्त सायकल चालवतो, त्यामुळे यादीत कायम शेवटी असतो. सायकलचे किलोमीटर पावलांत बदलता येतात का? (एक वाचक, विजापूर रस्ता)

उत्तर : किलोमीटरचे पावलांत रूपांतर करू नये, कारण तेच अंतर सायकलवर निम्म्याहून कमी वेळात संपते आणि उतार किंवा पाठीमागचा वारा असेल तर पाय न हलवताही कापले जाते. रूपांतर करायचेच असेल तर वेळेचे करावे. मिनिटाला सुमारे १०० पावले म्हणजे प्रौढ माणसाचे मध्यम गतीचे चालणे, असा सर्वसाधारण मापदंड आहे. तेव्हा सावकाश सायकलच्या प्रत्येक मिनिटाला १०० पावले देणे न्याय्य ठरेल. जोरकस व्यायामाचे एक मिनिट मध्यम व्यायामाच्या दोन मिनिटांबरोबर धरले जाते, म्हणून ताशी १६ किलोमीटरच्या वर सातत्याने चालवणाऱ्याला २०० पावले द्यावीत. त्याहून बरे म्हणजे आयोजकांनी पावले सोडून मिनिटांचीच स्पर्धा ठेवावी. तशी विनंती आपण अवश्य करावी, कारण गुडघेदुखीमुळे चालता न येणारे, पोहणारे, योगासने करणारे असे अनेक सहकारी आज आपल्यासारखेच यादीबाहेर पडत असतील. दिवसाला १०,००० पावले हा आकडाही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे तो रूढ झाला.

आयोजकांनी मान्य केले, तर पुरावा म्हणून जीपीएसने नोंदलेल्या फेरीचा नकाशा आणि वेळ द्यावी. मात्र घड्याळाचे ॲप आणि मोबाइलवरचे दुसरे एखादे ॲप अशा दोन्हींत एकच फेरी नोंदवू नये. ती दोन्ही एकमेकांना जोडलेली असतील तर तीच मिनिटे दोनदा जमा होतात, आणि मग आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर देणे कठीण जाते.