रोषणाई कायमची बसवावी की माळाच घ्याव्यात?

प्रश्न: आमचं दुमजली घर आहे. सणासुदीला महिनाभर घराबाहेर रोषणाई असते. शंभर-शंभर बल्बच्या दहा जुन्या माळा आहेत, नवरा शिडी लावून त्या वर बांधतो. यंदा वळचणीखाली कायमची एलईडी पट्टी बसवून घ्यावी असं मनात आहे. मोबाइलवरून रंग बदलता येतात, वीज वाचते, दहा वर्षं बघायला नको, असं विक्रेता सांगतो. खर्च आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाइतका आहे. बारा बिनव्याजी हप्ते किंवा एकरकमी दिले तर दहा टक्के सूट. बाहेर लावायच्या चांगल्या एलईडी माळा घेतल्या तर महिन्याच्या घरखर्चाच्या तीस टक्क्यांत भागतं, पण लावून-काढून द्यायला माणूस दरवर्षी आठ टक्के मागतो. आपत्कालीन निधी चार महिन्यांचा आहे. बदलीमुळे चार-पाच वर्षांत हे घर विकावं लागेल असं दिसतं. काय करावं?

उत्तर: माळा घ्या, त्या लावायला माणूस ठेवा आणि कायमच्या पट्टीचा विचार सध्या सोडून द्या. तुम्ही सगळे आकडे घरखर्चाच्या हिशोबात दिलेत, हे फार बरं केलंत. त्यामुळे मलाही त्याच भाषेत बोलता येईल. तुमचा महिन्याचा घरखर्च शंभर धरू.

आधी विजेचा मुद्दा निकालात काढू, कारण विक्रेत्याचा सगळा भर त्यावर आहे. जुन्या पद्धतीच्या शंभर बारीक बल्बच्या माळेला साधारण 40 वॅट लागतात, तेवढ्याच एलईडी माळेला 6 वॅटच्या आसपास. दहा माळा, रोज सहा तास, तीस दिवस, म्हणजे हंगामाचे 180 तास. जुन्या माळा 72 युनिट घेतात, एलईडी जेमतेम 11. फरक 61 युनिटचा. बिलावरचा तुमचा दर काढा आणि 61 ने गुणा. आलेली रक्कम वर्षाची बचत आहे, महिन्याची नाही. शिवाय ही बचत एलईडीमुळे आहे, पट्टी कायमची असल्यामुळे नाही. साध्या माळांनीही ती तेवढीच होते.

उलट, मोबाइलवर चालणाऱ्या पट्टीचा कंट्रोलर दिवे बंद असतानाही थोडी वीज घेत राहतो. तो 5 वॅट घेतो असं धरलं, तर उरलेल्या अकरा महिन्यांत 40 युनिट जातात. वाचवलेल्या 61 मधला मोठा वाटा तिथेच संपला. ज्यांच्याकडे अशी पट्टी आधीच आहे, त्यांनी हंगाम संपला की मुख्य बटणच बंद करावं.

आता ‘दहा वर्षं बघायला नको’ याबद्दल. खोक्यावर 25,000 तास लिहिलेलं असतं. वर्षाला 180 तास वापर धरला तर ते जवळजवळ 139 वर्षं होतात. एलईडीचा दाणा टिकेलही, पण माळ दाण्यामुळे क्वचितच मरते. तुमची एखादी जुनी माळ हातात घ्या आणि वायर जिथे होल्डरमध्ये शिरते तिथे हलकेच वाकवून पाहा. उन्हानं कडक झालेलं आवरण चिरलेलं दिसेल. पिन पाहा, तांब्यावर हिरवट थर चढलेला असेल. पाणी तिथून शिरतं. (अशी चिरलेली माळ पुन्हा लावू नका, एक हंगामसुद्धा नाही.) पट्टीलाही वायर आहेत, जोड आहेत, अडॅप्टर आणि कंट्रोलर आहेत, आणि ते सगळं बाराही महिने ऊन-पाऊस खातं. माळा अकरा महिने खोक्यात असतात. म्हणून पट्टीच्या हिशोबात दहा वर्षांत एकदा दुरुस्तीचे 20 मी धरतोच. वॉरंटी विचाराल तेव्हा कंट्रोलरची किती आणि शिडी लावून दुरुस्ती करायची मजुरी त्यात आहे का, हे लेखी घ्या.

दहा वर्षांचा हिशोब असा पडतो. पट्टी एकरकमी 180, दुरुस्ती 20, एकूण 200. माळा पाच हंगाम टिकतील असं सावधपणे धरलं तर दोनदा घ्याव्या लागतील, म्हणजे 60. मजुरी दहा वर्षांची 80. एकूण 140. मजुरी वर्षाला चौदाच्या वर गेली तरच पट्टी स्वस्त पडते, तेही दहा वर्षं त्याच घरात राहिलात तर.

आणि तुम्ही राहणार नाही आहात. पाच वर्षांनी घर विकलंत तर पट्टी हंगामाला 36 ला पडली, दुरुस्ती न धरता. माळा मजुरीसकट 14 ला पडतात, आणि त्यातल्या ज्या चांगल्या उरतील त्या तुमच्याबरोबर नव्या घरी येतील. वळचणीच्या दिव्यांचे वेगळे पैसे घर घेणारा मोजेल, असं गृहीत धरू नका.

हप्त्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. एकरकमी दिल्यास 180, हप्त्यांनी 200. म्हणजे वस्तूची खरी किंमत 180 आहे आणि वरचे 20 हे व्याजच आहे, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे लक्षात घेतलं, तर हा दर वर्षाला 20 टक्क्यांच्या आसपास जातो. महिनाभराच्या रोषणाईसाठी या दरानं कर्ज घेऊ नये. दुसरी वाट आपत्कालीन निधीची, पण त्यातून 180 काढले तर चार महिन्यांचा आधार सव्वादोन महिन्यांवर येतो. बदली डोक्यावर असलेल्या घरात तो निधी कमी नाही, वाढायला हवा. मी तुमच्या जागी असतो तर आधी तो सहा महिन्यांपर्यंत नेला असता.

शिडीचं मात्र मनावर घ्या. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं, पण मला सगळ्यात महाग तेच वाटतं. दुसऱ्या मजल्यावरून पडून हाड मोडलं तर उपचार, बुडालेली मिळकत आणि घरच्यांची धावपळ मिळून त्या आठ टक्क्यांच्या कितीतरी पट जातं. मजुरी वाचवण्याची ही जागा नाही. तेही जमत नसेल तर वरचा मजला यंदा अंधारात राहू दे. दार, कठडा आणि अंगणातली झाडं एवढ्यावरच रोषणाई करा, जमिनीवर उभं राहून करता येते. सहा माळांत घर उजळतं आणि खर्चही 30 वरून 18 वर येतो.

खरेदी करताना आयपी क्रमांक पाहा, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा दोन आकड्यांचा क्रमांक. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. वळचणीखाली, आडोशाला आयपी 44 चालतं, ते चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतं. उघड्या कठड्यावर आणि झाडांवर आयपी 65 घ्या, ते पाण्याची धारही सोसतं. बऱ्याचदा माळ 65 ची असते आणि अडॅप्टर 20 चा, म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नसलेला. तसा असेल तर तो घरातच ठेवा. कमी व्होल्टचा अडॅप्टर असलेली माळ मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी जास्त सुरक्षित. बाहेरच्या प्लगवर 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं सुरक्षा बटण) नसेल, तर माळांआधी ते बसवून घ्या. हा खर्च मी सजावटीत धरत नाही. साधा टायमरही घ्या, म्हणजे रात्रभर दिवे जळत राहत नाहीत.

सोलर माळांचा मोह होईल. एखाद्या कोपऱ्यापुरत्या ठीक आहेत, पण दिवस लहान असताना चार्जिंग अपुरं होतं आणि आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते.

शक्य असेल तर हंगाम संपल्यावर, भाव उतरल्यावर खरेदी करा. तोवर महिन्याला अडीच-तीन बाजूला टाकत गेलात तर वर्षात 30 जमतात आणि निधीला हात लागत नाही. लागणाऱ्या सगळ्या माळा आणि वर एक जादा, अशा एकाच वेळी, एकाच लॉटमधल्या घ्या. पुढच्या वर्षी तीच कंपनी, तोच रंग मागितला तरी पांढऱ्याची छटा जुळेलच असं नाही, आणि एका वेगळ्या माळेपायी सगळ्या बदलाव्याशा वाटतात.