रात्री दोनला मावशी ड्यूटीला निघते

प्रश्न: ताई, माझी मावशी 79 वर्षांची आहे. मला तिनेच वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती आणि कित्येक वर्षं तिने रात्रपाळी केली. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. मागच्या महिन्यातल्या स्मृतिचाचणीत तिला 30 पैकी 17 गुण मिळाले. दिवसा ती छान गप्पा मारते, पण रात्री दोनच्या सुमारास उठते, कपडे बदलते, पर्स घेते आणि ड्यूटीला निघते. दोनदा रस्त्यावरून परत आणावं लागलं. आता घरी सांभाळणं माझ्याने होत नाही. मी दोन संस्था पाहिल्या. एक नवी आणि प्रशस्त आहे, तिथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळा विभागही आहे. दुसरी लहान आणि जुनी, पण तिथली माणसं मायाळू वाटली. भाऊ म्हणतो, मावशी इतकं नीट बोलते, मग वेगळा विभाग कशाला, साध्या वृद्धनिवासात ठेवू. कसं ठरवू? — एक भाची

उत्तर: तुमचा भाऊ दिवसाची मावशी पाहतो, तुम्ही रात्रीची. तिची राहण्याची जागा रात्रीच्या मावशीकडे बघून ठरवायला हवी. साध्या वृद्धनिवासात आंघोळ, कपडे, औषधं याला मदत मिळते, पण ‘मला मदत हवी आहे’ हे त्या माणसाला कळतं, हे तिथे गृहीत धरलेलं असतं. मावशींना रात्री दोनला तसं काहीच वाटत नाही. त्यांच्या मते त्यांना उशीर होतोय. चाचणीतले 17 गुण डॉक्टरांच्या उपयोगाचे. त्या रात्री रस्त्यावर जातात, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. त्यामुळे स्मृतिभ्रंशाची काळजी घेणारीच जागा बघा. मात्र दारावर तशी पाटी आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

हे मी फार कळकळीने लिहितेय, कारण नर्स असूनही माझ्या वडिलांच्या वेळी मी चुकले. संस्था पाहायला सकाळी अकराला गेले. ऊन आत आलेलं, फरशी चकचकीत, सगळे आंघोळ करून नीटनेटके बसलेले. त्याच दिवशी होकार दिला. तीन महिन्यांत वडिलांचं वजन सहा किलोने उतरलं. ताट समोर ठेवलं जायचं आणि अर्ध्या तासाने उचललं जायचं. घास उचलून तोंडात घालायचा असतो, हेच ते विसरले होते आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं. एकदा न सांगता संध्याकाळी सहाला गेले, तर ते खुर्चीत मान टाकून झोपलेले. फाइल मागितली तेव्हा कळलं, ‘ऐकत नाहीत’ म्हणून त्यांना शांत करायची गोळी सुरू केली होती. मला कुणी विचारलं नव्हतं.

या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची चिडचिड आवरायला मनोविकारावरची काही औषधं दिली जातात. 2005 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्यांच्याविषयी कडक इशारा दिला. 17 चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं, की औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे 4.5 टक्के होतं आणि औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये सुमारे 2.6 टक्के. कधी कधी ही औषधं द्यावीच लागतात, तेही मी पाहिलं आहे. पण त्याआधी चिडण्याचं कारण शोधलं गेलं पाहिजे. शी न होणं, लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, दुखणारा दात, यातलं काहीही म्हातारं माणूस एका दिवसात बदलून टाकतं, आणि आपलं काय दुखतंय ते त्याला सांगता येत नाही. म्हणून दोन्हीकडे विचारा: ‘कुणी अचानक बिथरलं तर तुम्ही आधी काय तपासता? नवी गोळी सुरू करण्यापूर्वी घरच्यांना कळवता का?’

आता जाल तेव्हा कातरवेळी जा. या आजारात अस्वस्थता बहुधा त्याच वेळी वाढते. ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, येरझारा सुरू होतात, नेमकी तेव्हाच कामाची पाळी बदलते. भिंती बघू नका, सेविकांचे हात बघा. दार ढकलणाऱ्या आजींना त्या दंडाला धरून मागे ओढतात, की सोबत चार पावलं चालून हळूच वळवतात? ‘घर कुठंय तुमचं?’ असं विचारतात, की ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घालतात? जेवणाच्या वेळेपर्यंत थांबा. कुणी शेजारी बसून भरवतंय का, गिळताना ठसका लागला तर कुणी वळून बघतंय का, महिन्याचं वजन लिहिलेली वही आहे का, हे पाहा. आणि एखाद्या सेविकेला सहज विचारा, ‘या आजींना काय आवडतं?’ तिला सांगता आलं, तर तिथली माणसं टिकतात आणि रुग्णांना ओळखतात, असं समजा.

जागेचंही बघा, पण नवी-जुनी म्हणून नाही. दारातलं काळं पायपुसणं मावशींना खड्ड्यासारखं दिसू शकतं, चकाकणारी फरशी पाण्यासारखी. पांढऱ्या टेबलावरचं पांढरं ताट त्यांना नीट दिसणार नाही. नेदरलँड्समधल्या वेस्प इथे 2009 मध्ये याच रुग्णांसाठी एक वस्तीच उभी राहिली. तिथे आवाराच्या आत मोकळं फिरता येतं. तेवढं सगळीकडे जमणार नाही, पण कुलूप न दिसणारं, कुंपण असलेलं अंगण तरी हवं. मावशी चालणाऱ्या आहेत, त्यांना चालू द्यायला हवं. उठू नये म्हणून खुर्चीला पट्टा बांधण्याची पद्धत दिसली, तर तिथून निघून या.

करारातलं एकच कलम आधी वाचा: कोणत्या कारणासाठी ते माणसाला परत न्यायला सांगू शकतात? आजार वाढणारच आहे. ‘वर्तन सांभाळण्याजोगं नसल्यास’ असं मोघम लिहिलं असेल, तर खुलासा लेखी घ्या. पैशांचा तपशील तुमचा भाऊ पाहीलच.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न तुमच्याच पत्रात आहे, तो दोन्हीकडे जसाच्या तसा विचारा: ‘माझी मावशी रात्री दोनला ड्यूटीला निघते. तुम्ही काय कराल?’ व्यवस्थापकाला विचारून थांबू नका, रात्रपाळीच्या माणसाला विचारा. त्या वेळी किती रुग्णांमागे किती माणसं जागी असतात, तेही तिथेच कळेल. ‘झोपेची गोळी देऊ’ किंवा ‘दार बंदच असतं’ एवढंच उत्तर आलं, तर ती इमारत कितीही देखणी असो, तिचा नाद सोडा. ‘आमच्या टेबलापाशी बसवू, हातात एखादी वही देऊ’ असं कुणी म्हणालं, तर ती लहान, जुनी जागा असली तरी तिथे आठ-पंधरा दिवस राहून बघायची सोय आहे का ते विचारा.

मावशींना सोडायला जाल तेव्हा त्यांच्याबद्दल एक पान लिहून न्या. त्यांना ऑफिसात काय नावाने हाक मारायचे, कोणत्या कुशीवर झोपतात, कशाची भीती वाटते, हे सगळं त्यात येऊ द्या. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहा: ‘रात्री उठल्या, तर आज कोणत्या बोर्डावर ड्यूटी आहे ते विचारा आणि बसायला खुर्ची द्या.’