फोन ठेवल्यावरचा अर्धा तास

या वेळी तीनच पत्रं घेतलीयेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण कापावंसं वाटलं नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी २६ वर्षांचा आहे, आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी एकटाच परदेशात आलो. काम चांगलंय, टीम चांगलीये, कोणाची तक्रार करावी असं काहीच नाहीये आणि तोच प्रॉब्लेम आहे, कारण मग मला बरं का वाटत नाही हे कोणाला सांगताच येत नाही. शुक्रवारी ऑफिसमधून निघालो की सोमवारपर्यंत मी बोलतो ते फक्त फोनवर. घरी रोज व्हिडिओ कॉल असतो, सगळे विचारतात कसा आहेस, मी म्हणतो मस्त, आणि फोन ठेवला की अर्धा तास तसाच बसून राहतो. पहिले दोन महिने तर मी एवढा खुश होतो की रोज फोटो पाठवायचो, मग आत्ता काय झालं? परवा दुकानात पैसे देताना मला जरा वेळ लागला, मागचा माणूस काहीतरी पुटपुटला आणि ते मला दोन दिवस पुरलं. सोबतचे बाकीचे मजेत दिसतात. मी चुकलो का? परत यावं का? आणि आलो तर सगळ्यांना काय सांगू?

उत्तर : 'तक्रार करावी असं काही नाहीये आणि तोच प्रॉब्लेम आहे' हे तुझं वाक्य वाचून मी थांबलेच. मी २४ व्या वर्षी अशीच एकटी गेले होते, नोकरीसाठीच, आणि तेव्हा मला वाटायचं की बॉस वाईट असता, पगार अडकला असता तर निदान रडायला कारण तरी मिळालं असतं. कारण नसताना वाईट वाटतंय म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे, असं मी वर्षभर धरून चालले. तू तसं धरू नकोस. तुला कारण आहे, फक्त ते बारीक बारीक होऊन दिवसभरात विखुरलंय म्हणून बोट ठेवता येत नाही.

कालेर्व्हो ओबर्ग नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरोमध्ये 'कल्चर शॉक' या विषयावर भाषण दिलं, १९६० मध्ये ते छापून आलं. त्यांचं म्हणणं असं की आपण घरी असतो तेव्हा शेकडो छोट्या खुणांवर चालत असतो आणि ते आपल्याला माहीतही नसतं: हात कधी मिळवायचा, भेटल्यावर काय बोलायचं, कोणाचं आमंत्रण खरं समजायचं आणि कोणाचं नुसतं बोलण्यापुरतं. नवीन देशात त्या सगळ्या खुणा एकदम जातात. भाषा येत असली तरी जातात. म्हणजे तू दिवसभर ऑफिसचं काम करतोसच, वर प्रत्येक साध्या गोष्टीचा अंदाज पण बांधत असतोस, आणि या दुसऱ्या कामाचा थकवा कुठेच धरला जात नाही. तुझा तो दुकानातला माणूस यातलाच. घरी तो पुटपुटला असता तर तुला कळलं असतं की हा घाईत आहे, विषय संपला. तिथे तुला कळलंच नाही तो काय म्हणाला, का म्हणाला, म्हणून ते दोन दिवस डोक्यात राहिलं. ओबर्गनी जी लक्षणं दिलीत ना त्यात छोट्या अडचणींवर खूप राग येणं आहे, शून्यात बघत बसणं आहे आणि शेवटी घरी जायची भयंकर ओढ आहे. आणि हो, पहिले काही दिवस ते काही महिने सगळं छान वाटतं हे पण त्यांनी लिहिलंय. म्हणजे तू फोटो पाठवायचास तो आनंद खोटा नव्हता. तेव्हा तू बघत होतास, आता राहतोयस, एवढाच फरक आहे.

आणि घराची ओढ लागते म्हणून स्वतःला कच्चा समजू नको. नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण आता जुन्या गाण्यांबिण्यांसाठी वापरतो, पण तो मुळात डॉक्टरकीतला आहे. योहानेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठात वैद्यकीचा प्रबंध लिहिला, त्यात घरापासून लांब राहिल्याने माणसं खरोखर आजारी पडतात असं मांडलं आणि दोन ग्रीक शब्द जोडून हा शब्द बनवला, एकाचा अर्थ घरी परतणं, दुसऱ्याचा वेदना. त्यात एका खेड्यातल्या मुलीची गोष्ट आहे. ती पडली, बेशुद्ध झाली, शुद्धीवर आली तेव्हा हॉस्पिटलमध्ये सगळे परके. विचारलेल्या कशालाच ती धड उत्तर देईना, फक्त म्हणायची मला घरी जायचंय. सव्वातीनशे वर्षं झाली त्या मुलीला, पण मला ती जवळची वाटते.

आता मैत्रीचं. हे मला कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यातली काही माणसं तर मुद्दाम अशी निवडली होती की जी नुकतीच दुसऱ्या गावी राहायला गेलीयेत, तुझ्यासारखीच. त्यांना दिसलं ते असं की ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सोबत घालवलेले साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावा असा व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आणि नुसतं एकत्र काम करण्याचे तास त्यात फारसे मोजले जात नाहीत. जरा हिशोब कर. तू एखाद्याला आठवड्यातून दोन तास भेटलास तर ५० तास व्हायला सहा महिने लागतात, २०० व्हायला जवळजवळ दोन वर्षं. शाळा कॉलेजात हे तास फुकट मिळाले होते, वर्गात, कट्ट्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, कोणी मोजले नाहीत म्हणून आपल्याला वाटतं मैत्री आपोआप होते. तुझे आठ महिने झालेत आणि शनिवार-रविवार कोरे आहेत, म्हणजे तास अजून जमलेलेच नाहीत. तुझ्यात खोट आहे असा याचा अर्थ होत नाही.

म्हणून मी तुला 'लोकांमध्ये मिसळ' असं नाही सांगणार, त्याने काही होत नाही, मी पार्ट्यांना जाऊन बघितलंय, दर वेळी नवीन माणसं आणि दर वेळी तेच, कुठून आलीस, काय करतेस. तू एकच गोष्ट धर जिथे दर आठवड्याला तीच माणसं येतात. भाषेचा क्लास, कोरस, फुटबॉल, लायब्ररीतला वाचन गट, काहीही चालेल, फक्त शनिवारी किंवा रविवारी असावं आणि पहिले सहा वेळा आवडलं नाही तरी जायचं. मी मातीकामाच्या क्लासला जायचे. मला मातीकाम आजही येत नाही, पण तिथल्या शेजारच्या टेबलावरची बाई पुढे माझी माणूस झाली.

ती का झाली ते पण सांगते. तिकडे गेल्यावर दहाव्या महिन्यात मला तीन दिवस ताप होता. दुसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले आणि दारापाशी खाली बसले, तेव्हा डोक्यात एकच विचार आला की माझ्या खोलीची दुसरी किल्ली या शहरात कोणाकडेच नाही. ती ड्रॉवरमध्ये पडली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरमालकाने दिली तशीच. बरी झाल्यावर मी ती तिच्या हातात दिली. तोपर्यंत आमची तेवढी ओळखही नव्हती, मला खूप संकोच वाटला, वाटलं ही काय म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात तिने तिच्या घराची आणून दिली.

त्या तापाचं मी घरी दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्यांना काळजी नको म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे, पण खरं म्हणजे मला भीती वाटायची की ते म्हणतील ये परत आणि मी येईन. तुझं 'मस्त' पण तसंच असेल तर घरातलं एक माणूस निवड, सगळे नकोत, भाऊ, बहीण, मावशी, कोणीही, आणि त्याला आधीच सांग की मला उपाय नकोय, परत ये म्हणू नकोस, फक्त ऐक. रोज नको, आठवड्यातून एकदा. फोननंतरचा तुझा अर्धा तास बराचसा त्या खोट्या 'मस्त'मुळे जातो असं मला वाटतं. जी माणसं जवळची, त्यांच्यासमोरच तू चेहरा सांभाळत बसतोस आणि मग त्या घरात पण एकटाच उरतोस.

परत यावं का, हे रविवारी रात्री ठरवू नको. कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिही आणि तोपर्यंत हा प्रश्न बंद. त्या तारखेला बघ, क्लास लावला का, तास जमले का, काम अजून आवडतंय का. हे सगळं करूनही मन नाही म्हणालं तर ये, आणि लोकांना सांग की गेलो, राहिलो, मला घर जवळ हवं होतं. यापेक्षा जास्त तू कोणाला देणं लागत नाहीस. फक्त एवढं लक्षात ठेव की परत येणं पण सोपं नसतं, जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दोन संशोधकांनी १९६३ मध्येच लिहिलंय की परदेशातून आलेला माणूस स्वतःच्या घरी पुन्हा तशाच चढउतारातून जातो. मी परतल्यावर वर्षभर मला घरचीच माणसं मोठ्याने बोलतात असं वाटायचं.

आणि एक गोष्ट, ही टाळू नको. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगून काय करायचं असं एकदा जरी मनात आलं असेल तर सहा महिन्यांची तारीखबिरीख सोड आणि डॉक्टरकडे जा, लगेच. एचआरला विचार, बऱ्याच कंपन्यांत काउन्सेलिंगची सोय असते आणि ती वापरल्याने नोकरीला सहसा काही होत नाही. मला परत पत्र लिही. मी वाट बघेन.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात नोकरीसाठी एकटीच परदेशी निघालेय. बॅगेत काय भरायचं ते सगळे सांगतात. बाकीचं सांगा.

उत्तर : अभिनंदन! आधी कागद. करार लेखी हवा आणि सही करायच्या आत पूर्ण वाचलेला हवा: पगार, तास, रजा, नोटिस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोकरी सुटली तर व्हिसावर किती दिवस राहता येतं. हा शेवटचा प्रश्न नवीन माणूस विचारत नाही आणि मग नको त्या नोकरीत अडकून बसतो. एजंट फी मागत असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार लक्षात ठेव, नोकरी मिळवून देणाऱ्या एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये हे त्यात तत्त्व म्हणून आहे. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, त्यामुळे तुझ्या देशाचा आणि तिथला कायदा काय म्हणतो ते बघ. पासपोर्ट नोंदणीपुरता दाखवायचा, कंपनीकडे ठेवायला द्यायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. आपल्या वकिलातीचा नंबर फोनमध्ये आणि एका कागदावर पण ठेव. कधी पोलिसांनी अटक केलीच तर आपल्या वकिलातीला कळवा म्हणायचा हक्क तुला आहे, १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमात तो दिलाय.

पैसे पुरेसे नसतील तर जायची तारीख पुढे ढकल. परतीचं तिकीट आणि तीन महिन्यांचा खर्च वेगळा असला की माणूस नाही म्हणू शकतो. बाकी वरचं उत्तर वाच, आणि खोलीच्या दोन किल्ल्या मिळाल्या की दुसरी कोणाकडे द्यायची हे पहिल्या दिवसापासून शोधत राहा.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षापासून परदेशात एकटा आहे. रोज फोन करतो, पण दोन मिनिटांत 'ठीक आहे, तुम्ही कसे आहात' म्हणून ठेवून देतो. हे म्हणतात मुलगा मोठा झालाय, खोदून विचारू नकोस. मला आवाजावरून कळतं की काहीतरी आहे. मागच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते पण आम्ही त्याला कळवलं नाही, उगाच तिकडे जिवाला घोर नको म्हणून. मी विचारू की गप्प राहू?

उत्तर : विचारा, पण 'ठीक आहेस ना?' असं नको, कारण त्या प्रश्नात उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं, त्याला फक्त हो म्हणायचं राहतं. आज कोणाशी बोललास, ऑफिसमधून घरी येताना काय दिसलं, रविवारी कुठे गेला होतास, असं काहीतरी विचारा. त्याने उत्तर द्यायला वेळ लावला तर मध्ये बोलू नका. आणि रडलाच तर 'ये परत' हे पहिलं वाक्य नको. मुलं घाबरतात ती याच वाक्याला, मी पण घाबरायचे.

पण मला तुमच्या पत्रात खटकलं ते डोळ्याचं ऑपरेशन. अहो, तो तुम्हाला जे सांगत नाही ते याच कारणासाठी, उगाच घोर नको म्हणून. तुम्ही दोघं एकमेकांना जपताय आणि फोन दोन मिनिटांचा होत चाललाय. आजच्या फोनमध्ये त्याला ऑपरेशनचं सांगा, सगळं, कोणता डोळा, किती वाजता नेलं, पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय दिसलं. तो चिडेल, मला का नाही कळवलं म्हणेल. चिडू दे, बोलू दे, आणि त्याचं बोलून संपलं की त्याला विचारा, तुझं काय राहिलंय मला सांगायचं?