शिंपल्याच्या आतली जाळी

प्रश्न: वाळूत सापडलेल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूला पांढरी बारीक जाळी चिकटलेली आहे. मित्र म्हणतो ब्रायोझोआ. हे नक्की काय असतं आणि समुद्राच्या तळाशी सगळीकडे एकच प्रकार असतो का?

उत्तर: मित्राचं बहुतेक बरोबर आहे. आणि जाळी आतून आहे ना, म्हणजे शिंपल्याचा मूळ मालक मेल्यावरच हे भाडेकरू आलेत, जिवंत असताना त्याने आत कोणाला बसू दिलं नसतं! जाळीचं एकेक घर म्हणजे एकेक प्राणी, साधारण अर्धा मिलिमीटरचा. तो बारीक टेन्टॅकल्सचा, म्हणजे स्पर्शिकांचा, तुरा बाहेर काढून पाण्यातलं खाणं गाळून घेतो, जरा धोका वाटला की झटकन आत. एका अळीपासून सुरुवात होते आणि मग क्लोन होत होत अख्खी कॉलनी वाढते.

आता प्रकारांचं. जगात आज सहा हजारांच्या आसपास स्पीसीज आहेत पण कुठे कोण राहणार हे पाण्याच्या खोलीपेक्षा बसायला काय मिळतं त्यावर जास्त ठरतं असं माझं मत. खडकावर पापुद्र्यासारखे पसरणारे, तिथे जागेसाठी एवढी मारामारी की एक कॉलनी दुसरीच्या अंगावरून सरळ वाढत जाते. दगडाच्या खालच्या बाजूला तर अजून मजा, कारण तिथे शेवाळ नाही आणि गाळही कमी बसतो. केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या पानावर मेम्ब्रानिपोरा नावाचा प्रकार, पान वाकलं तरी तडकत नाही. फ्लस्ट्रा नावाची दुसरी जात प्रवाहात पानासारखी डोलते, पण चुन्याच्या कडक फांद्यांचे प्रकार लाटांच्या माऱ्यात मोडतात म्हणून ते शांत पाण्यातच बरे.

चिखल सगळ्यात वाईट, गाळाने टेन्टॅकल्स चोंदतात आणि अळीला चिकटायलाही काही घट्ट नसतं. पण त्याच चिखलात एखादा शिंपला किंवा खडा पडलेला असला की त्यावर चार-पाच प्रकार दाटीवाटीने बसलेले दिसू शकतात, म्हणून नमुन्यातला चिखल धुवून टाकला आणि खडे न बघताच फेकले तर हिशोब साफ चुकतो.

आणि वाळूवाले माझे लाडके. नाण्याएवढी टोपीसारखी कॉलनी, कशालाच चिकटलेली नाही, कडेच्या लांब केसांवर टेकून उभी. ऑस्ट्रेलियातली सेलेनेरिया तर त्या केसांवर चक्क चालते!

तुमच्या जाळीवर लेन्स धरा, मधोमध एखादं वेगळंच छोटं घर दिसेल. सगळ्यात पहिला राहायला आलेला तो.