झाकली मूठ आणि उत्पन्नाचा दाखला

ताई, नमस्कार.

गावाचं नाव छापू नका असं तुम्ही बजावलंय. नाही छापत. यंत्रमागाचं गाव, एवढंच सांगते. इचलकरंजी, विटा, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, वाचणाऱ्यांनी हवं ते समजावं.

बाकीच्या वाचकांसाठी पत्राचा गोषवारा असा. यजमानांचे स्वतःच्या शेडमध्ये सोळा माग होते. ते एकेक करून विकले गेले, शेवटचे तर भंगाराच्या भावानं. आता ते दुसऱ्याच्या शेडवर दिवाणजी आहेत, पण भाऊबंदांत आणि कॉलनीत ‘भागीदारीत एअरजेट’, म्हणजे नव्या पद्धतीचे महागडे माग, ‘टाकलेत’ असं सांगितलेलं आहे. मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, ८४ पर्सेंटाइल मिळालेत. ‘तिला पुण्यात कॉम्प्युटरला घालणार’ हे दिवाळीतच सगळ्यांना सांगून झालंय, म्हणून आता मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटची बोलणी चालू आहेत. पहिल्या वर्षाचे तीन लाख सावकाराकडून महिना शेकडा तीननं उचलायचे ठरलेत. आणि प्रश्न एका ओळीचा आहे: कॉम्प्युटर घ्यावं की एआय-डेटा सायन्स?

त्या ओळीचं उत्तर मी आज देणार नाही. मी अडकले ते दुसऱ्याच वाक्यापाशी. ‘मुलीला यातलं काही माहीत नाही, तिच्यासमोर आम्ही नेहमीसारखेच असतो,’ असं तुम्ही लिहिता. त्याच पत्रात पुढे मुलीबद्दलच्या तक्रारी आहेत. जानेवारीत तिनं टेस्ट सिरीज मधेच सोडली, ‘घरीच होतो माझा अभ्यास’ म्हणाली. पुतणीच्या लग्नाला नवा ड्रेस नको म्हणाली, तुमचीच जुनी साडी नेसली. आणि त्याच लग्नात तुमच्या बहिणीनं पाटल्या बघायला म्हणून तुमचा हात धरला, तेव्हा मुलगी मधेच ‘आई, पंगत बसली’ म्हणत तुम्हाला ओढून घेऊन गेली. ‘चारचौघांत कसं वागावं तिला कळत नाही,’ असा शेरा तुम्ही त्यावर मारलाय.

ताई, खऱ्या पाटल्या पतसंस्थेत गहाण आहेत आणि हातातल्या एक ग्रॅमच्या आहेत हे तिला ठाऊक नसतं, तर तिनं तुम्हाला तिथून का ओढून नेलं असतं? चारचौघांत कसं वागावं हे त्या मांडवात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

तिला सगळं माहीत आहे. तुम्ही तिच्यापासून लपवताय, ती तुम्हाला सांभाळून घेतेय, आणि तुम्ही तिघं मिळून नातेवाइकांसमोर उभे राहताय. अठराव्या वर्षी मुलीच्या डोक्याला हे काम लावल्यावर फिजिक्सला जागा किती उरणार? फी किती, कुठून आणणार, कॉलेज आपल्याला झेपणार का, हे प्रश्न ती तुम्हाला विचारू शकत नाही, कारण विचारले तर आपल्याला कळलंय हे कबूल करावं लागेल. मैत्रिणीशी बोलता येत नाही, कारण गोष्ट घराबाहेर जाईल. ८४ पर्सेंटाइल कमी पडले म्हणून तुम्ही क्लासला दोष दिलाय. मला तर या वर्षात तिनं ८४ आणले याचंच कौतुक वाटतं.

आता गैरसमजाकडे येते, कारण तो तुम्हाला लाखात पडणार आहे. तुम्ही लिहिता, ‘फीसवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तलाठी आमच्या जावेच्या माहेरचे, दाखला काढला की बोभाटा होईल, शिवाय सवलत घेणाऱ्यांची नावं कॉलेजात सगळ्यांना कळतात.’ यातलं बहुतेक चुकीचं आहे. दाखल्याचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून करता येतो, दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. पुराव्याला तलाठ्याचाच अहवाल हवा असं नाही, नोकरदाराचा फॉर्म १६ किंवा प्राप्तिकराचं विवरणपत्रही चालतं. सवलतीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो, तो कुणी वर्गात वाचून दाखवत नाही. आणि सवलत लहानसहान नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. आणखी एक अट आहे, आणि तुमच्यासाठी तीच कळीची: प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हक्क गेला. म्हणजे जी फी सरकार भरायला तयार आहे, ती तुम्ही सावकाराकडून आणून भरणार, का तर जावेच्या माहेरी कळू नये!

तीन लाख, शेकडा तीन. महिन्याला नऊ हजार नुसतं व्याज. चार वर्षांचे होतात चार लाख बत्तीस हजार, आणि मुद्दलाला अजून हातही लागलेला नाही. त्यात दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षाची फी धरलेलीच नाही. दिवाणजीच्या पगारात हे कसं बसतं, ते यजमानांना कागदावर लिहून दाखवायला सांगा. हा दर परवानाधारक सावकारालासुद्धा लावता येत नाही, बिगरपरवाना असेल तर सावकारीच बेकायदा, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. ऋण काढून सण करणारे पुष्कळ पाहिले. तुम्ही मुलीची पदवीही त्याच रांगेत बसवताय.

दाखल्याबाबत आणखी एक. मोठं कर्ज मिळावं किंवा बाजारात पत राहावी म्हणून बरेच जण रिटर्नमध्ये उत्पन्न चढवून दाखवतात. तुमच्याकडे तसं झालं असेल आणि आकडा ८ लाखांच्या वर गेला असेल, तर तो इथे आडवा येईल. आजच सीएशी बोला. एजंट ‘दाखला करून देतो’ म्हणेल, त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. पडताळणीत खोटा निघाला तर प्रवेश जातो.

वाटा तुम्हाला माहीत आहेतच, थोडक्यात सांगते. कॅपची नोंदणी आणि प्रवर्गाचे दाखले मुदतीत, टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागांसाठी अर्ज (तिथे जातीची अट नाही, उत्पन्नाची आहे, पण कटऑफ बऱ्याचदा वर जातो), पसंतीक्रम भरताना कॉलेजांची यादी लांब ठेवायची. माफी मिळाली तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो. त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. बँकेचं कर्ज घ्यायला लाज वाटते आणि सावकाराचं घ्यायला वाटत नाही, हे कोडं मला या सल्ल्याच्या व्यवसायात अजून सुटलेलं नाही.

पत्राच्या शेवटी, तळटीप असल्यासारखं, तुम्ही लिहिलंय की मुलीनं स्वतः काढलेल्या यादीत टेक्स्टाइल इंजिनिअरिंग पहिलं होतं आणि यजमानांनी पेनानं त्यावर काट मारली. ‘पुन्हा त्याच खड्ड्यात?’ म्हणाले. त्यांचं दुःख मला कळतं. सुताचे भाव, वीजबिल, मजुरीचा न परवडणारा दर यांनी ज्याचे माग गेले, त्याला तो शब्दही नको वाटणार. पण शेड चालवणं आणि टेक्स्टाइल शिकणं एक नाही. मुंबईत व्हीजेटीआय, नांदेडला एसजीजीएस, इचलकरंजीत डीकेटीई इथे हा विषय शिकवतात, आणि त्यातून मुलं कापडाच्या दर्जाची तपासणी, प्रोसेसिंग, तांत्रिक वस्त्रं, निर्यात कंपन्यांतलं मर्चंडायझिंग अशा कामांत जातात. तिनं टेक्स्टाइलच घ्यावं असं मी म्हणत नाही. लहानपणापासून मागाचा आवाज ऐकलेल्या मुलीला त्या यंत्रात खरंच रस असेल, किंवा ‘घराजवळचं कॉलेज, कमी खर्च’ एवढाच तिचा हिशोब असेल. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तिला कुणीही विचारलेलं नाही. यादीवर काट मारायचा अधिकार तिचा आहे.

यजमानांबद्दल जरा स्पष्ट बोलते. ते वाईट माणूस नाहीत. धंदा बसला तर माणूस वर्षभरात सावरतो, पण ‘बसलाच नाही’ हे नाटक रोज सकाळी नव्यानं उभं करावं लागतं. इस्त्रीचा शर्ट घालायचा, गाडी काढायची, पेट्रोल जाळत दुसऱ्याच्या शेडवर जाऊन खातेवही लिहायची. दिवाणजीचं काम कष्टाचं आणि विश्वासाचं आहे, त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. आधी ती गाडी विका. भाऊबंद चार दिवस बोलतील. त्यांच्यातही कुणाचे माग बंद पडले असतील आणि तेही असंच काही सांगत फिरत असतील, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलेलं, ‘रात्री दोनला उठून गच्चीवर फेऱ्या मारतात, काही विचारलं तर बोलत नाहीत,’ हे जाता जाता सोडायचं नाही. रात्री त्यांना एकटं ठेवू नका. जीव नकोसा झालाय का, हे त्यांना सरळ विचारा, विचारल्यानं काही बिघडत नाही. डॉक्टरांना दाखवा. टेलीमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हे मुलीच्या प्रवेशाआधी करायचं.

या रविवारी तिघं एकत्र बसा. कर्ज किती, कुणाचं, पगार किती, गहाण काय आहे, सगळं कागदावर मांडा, मुलीसमोर. तिला धक्का बसणार नाही. फार तर ती म्हणेल, ‘मला माहीत होतं.’ मग पसंतीक्रम तिच्या हातानं भरू द्या, मॅनेजमेंट सीटवाल्याला नाही म्हणून कळवा, त्याला टोकन दिलं असेल तर पावती आहे का बघा.

ब्रँचचा प्रश्न तरीही उरला, तर पुढचं पत्र तिला लिहायला सांगा.