राजीनामा दिला, पण केव्हा?

(वाचकांचे प्रश्न, डिसेंबर २०१८)

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. पासपोर्ट भारतीय, तरी राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की नाही यावरच्या २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात मला मत देता आलं. शेजारची गोव्यातल्या बार्देशची मुलगी पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आली. तिला मत नव्हतं, आणि घोर मात्र तिलाच लागलाय. १५ नोव्हेंबरला ब्रेक्झिटमंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला. ज्या खात्याने युरोपीय संघाशी बाहेर पडण्याचा करार घडवायचा, त्याच्या मंत्र्यालाच तो मान्य नाही! हे पळून जाणं नव्हे का? आणि आता तिचं काय?

उत्तर : ताई, तुमचा संताप मला पटतो. तो गुरुवार मीही टीव्हीसमोर काढला. आदल्या दिवशी मंत्रिमंडळाने पाच तास बसून या कराराचा ५८५ पानांचा मसुदा स्वीकारला होता आणि सकाळी राब बाहेर पडले. पंतप्रधान थेरेसा मे कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, तीन तास एकट्या उत्तरं देत होत्या.

राजीनामा देण्यात गैर काही नाही. तिथला दंडकच आहे : मंत्रिमंडळाचा निर्णय पटला नाही तर मंत्र्याने पद सोडावं. राब यांचा आक्षेपही पोकळ नाही. आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा तपासणी नाकी नकोत म्हणून ठेवलेली 'बॅकस्टॉप'ची हमी ब्रिटनला एकट्याच्या मर्जीने सोडता येणार नाही.

मला खटकते ती वेळ. बॅकस्टॉपचं मूळ युरोपीय संघाशी झालेल्या डिसेंबर २०१७च्या समझोत्यातच आहे. आधीचे ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस मे यांच्या चेकर्स योजनेवरून (बाहेर पडल्यावरही युरोपशी जवळचे व्यापारी संबंध ठेवण्याची योजना) गेले, त्यांच्या जागी ९ जुलैला राब आले. २४ जुलैला मे यांनी वाटाघाटींची सूत्रं स्वतःकडे घेतली आणि राब दुय्यम झाले. खातं त्यांचं, निर्णय दुसऱ्याचा. हे मान्य नव्हतं तर त्याच आठवड्यात सोडायचं होतं. चार महिने थांबून मसुदा तयार झाल्यावर जाणं, हे मी जबाबदारीचं वागणं मानत नाही. २९ मार्च २०१९ ही बाहेर पडण्याची तारीख मंत्री बदलला म्हणून पुढे सरकत नाही. आता स्टीफन बार्कले आलेत. दोन वर्षांतले तिसरे.

तुमच्या शेजारणीचं. मसुद्यात ३१ डिसेंबर २०२०पर्यंत ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असलेल्या युरोपीय नागरिकांचे हक्क राखलेत. सलग पाच वर्षं झाली की कायम राहता येईल. पण संसदेने करार फेटाळला तर हे कराराचं कवच उरणार नाही, म्हणून तिची धास्ती खरी आहे. तिला पगाराच्या स्लिपा, काउन्सिल टॅक्सची (स्थानिक घरपट्टीची) बिलं, घरभाड्याचे करार वर्षवार एका फायलीत लावायला सांगा. करारावर कॉमन्समध्ये मतदान व्हायचंय. त्याआधी तुमच्या खासदाराची मतदारसंघात भेटायची वेळ घ्या आणि तिला सोबत न्या. तिथे राहणाऱ्या कुणालाही भेटता येतं, मतदार असावंच लागत नाही.