पासपोर्टवर कुणाचं नाव?

प्रश्न : मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. नवरा अमेरिकेत एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. मला एच-४, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणारा व्हिसा काढायचा आहे. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. सासूबाई म्हणतात, आधी नाव बदल. काय करू?

उत्तर : आधी व्हिसा काढा, ताई. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही आणि एच-४ला आडनाव जुळावं लागत नाही. नातं सिद्ध होतं ते विवाह नोंदणीच्या दाखल्यावर. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो जोडीला ठेवा. दाखल्यातलं तुमचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. आपल्याकडे घोळ बहुधा मधल्या नावात आणि स्पेलिंगमध्येच होतो.

डीएस-१६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, पासपोर्टवरच्या नावानेच भरा. सासरचं नाव कुठे वापरलं असेल, तर ‘इतर नावं’ विचारतात तिथे लिहा, लपवू नका. विमानाचं तिकीटही पासपोर्टवरच्याच नावाने.

नाव बदलायचंच असेल, तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेण्याआधी नवा पासपोर्ट हातात हवा. पुढे तिकडच्या भारतीय वकिलातीतही तो बदलून मिळतो. सासूबाईंना सांगा, घराच्या पाटीवर हवं ते नाव आजच लावू!